कात्री आणि कानबाई

मागच्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. मधल्या सुट्टीत नववीची चार मुले माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. चार मुले एकदम यावीत आणि त्यांतल्या एकानेही तोंड उघडू नये, म्हणजे मागणी मोठी आहे, हे वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसास कोणी सांगावे लागत नाही. अखेर त्यांतल्या एका धीट मुलाने घसा साफ केला आणि तो म्हणाला,

"सर, आमले गानं काढनं शे."

"काढा की! पेटी कपाटात आहे."

"तसं नाही सर. व्हिडिओ. अहिराणीमा. गॅदरिंगले पडदावर दखाडाना."

आमचे गाव धुळ्यापासून फार दूर नाही. पांझरेच्या काठचे, कपाशीचे आणि कांद्याचे. मी तेथल्या एका खाजगी शाळेत शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पलीकडे गेलेले नाही. त्यामुळे इतिहासावर लिहिण्याचा अधिकार माझ्याकडे किती, हा प्रश्न वाचकांनी विचारण्याआधी मीच विचारून ठेवलेला बरा. परंतु त्या चार मुलांच्या पायी मला आमच्या खानदेशाचा थोडा इतिहास नव्याने वाचावा लागला, आणि त्यातले एक प्रकरण तर स्वतःच्या चुकीने शिकावे लागले. तीच हकीकत दिवाळीच्या फराळाबरोबर आपणांपुढे ठेवतो.

गाणे कोणते, हे मुलांनी आधीच ठरवून ठेवले होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाची देवी, तिला नथ आणि साजशृंगार, घरात रोटांचा स्वयंपाक, रात्रभर बायकांची गाणी आणि फुगड्या, आणि सोमवारी नदीवर विसर्जन. नोकरीधंद्यासाठी सुरतेला किंवा पुण्याला गेलेला खानदेशी माणूस एक वेळ दिवाळीला येणार नाही, पण रोटांना येतो. मुलांच्या गल्लीत एक आजी होत्या. वय ऐंशीच्या पुढे. कानबाईची गाणी साऱ्या गावात त्यांच्याइतकी कोणाला येत नसत. त्यांचे गाणे घ्यायचे आणि त्यावर चित्र बांधायचे, असा बेत होता.

मी हजार रुपये मंजूर केले. माझ्या शेवटच्या कादंबरीचे जे मानधन आले होते, त्यातले ते होते. त्या कादंबरीचा समाजावर झालेला एवढाच ठळक परिणाम माझ्या पाहण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी मुले तोंडे पाडून परत आली. कॅमेरा नाही. एकाच्या वडिलांचा मोबाइल आहे, पण त्याची काच तडकलेली आणि तो दिवसा शेतावर जातो. अशा वेळी मास्तराजवळ देण्यासारखी वस्तू एकच असते, ती म्हणजे गोष्ट. मी त्यांना फाळक्यांची गोष्ट सांगितली.

धुंडिराज गोविंद फाळके आमच्या शेजारच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे. १९१२ साली विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते लंडनला गेले आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले. परंतु कॅमेरा आला म्हणून पैसे देणारा थोडाच येतो! तेव्हा त्यांनी कुंडीत एक दाणा पेरला आणि कॅमेरा त्याच्यासमोर रोवून, कोंब फुटल्यापासून वेल होईपर्यंत, ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपले. पुढे ती फीत सलग फिरवली, तेव्हा दाण्याचा वेल पाहणाऱ्याच्या डोळ्यांदेखत वाढला. नट नाही, पोशाख नाही, देखावा नाही. एक दाणा आणि धीर. तेवढ्यावर भांडवल उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात 'राजा हरिश्चंद्र' लागला. फितीला भोके पाडणे, ती अंधारात धुणे, ही कामे सरस्वतीबाई फाळके घरी करीत, आणि स्त्री मिळेना म्हणून तारामती झाले ते उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांपाशी तर विकत घ्यायलाही कॅमेरा नव्हता. त्यांनी १९१८ च्या सुमारास तो स्वतःच्या हातांनी बनवला, आणि त्यावर १९२० मध्ये 'सैरंध्री' काढला.

"पण सर, ते मोठे लोक," धीट मुलगा म्हणाला.

"तेव्हा नव्हते," मी म्हणालो.

पुण्यामुंबईचे आणि कोल्हापूरचे दाखले मुलांना दूरचे वाटले, म्हणून मी त्यांना जवळच्या दोन गावांची नावे सांगितली. पहिले चाळीसगाव. तेथे स्टेशनाजवळच्या बंगल्यात कैखुश्रू मूस, म्हणजे केकी मूस, नावाचे पारशी कलावंत राहत. १९१२ चा जन्म. विलायतेला जाऊन कला शिकून आले आणि मग चाळीसगावच्या घरात जे बसले, ते १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत क्वचितच बाहेर पडले. विनोबांचे छायाचित्र घेण्यासाठी मात्र ते उंबरा ओलांडून गेले होते. त्यांच्या या एकांतवासामागे एका न आलेल्या प्रेयसीची कथा सांगतात. ती खरी असो वा नसो, माझ्या मुलांना सांगण्याजोगी गोष्ट निराळीच होती. घराबाहेर न पडणारा हा माणूस टेबलावरच जग मांडीत असे. हाताशी असलेल्या क्षुल्लक वस्तूंची मांडणी करायची, त्यावर प्रकाश असा सोडायचा की पाहणाऱ्याला मोकळे रान किंवा दूरची वाट दिसावी, आणि मग छायाचित्र घ्यायचे. या 'टेबल टॉप' छायाचित्रांनी त्यांना जगभर नाव मिळवून दिले. सारांश, उजेड कुठून येतो हे कळले, की निम्मा देखावा फुकट मिळतो.

दुसरे गाव मालेगाव. आज ते नाशिक जिल्ह्यात असले, तरी १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत ते खानदेशातच मोडत असे. यंत्रमागांचे गाव; सहा दिवस खटखट आणि शुक्रवारी सिनेमा. तेथे नासिर शेख नावाचा तरुण व्हिडिओ पार्लर चालवी. चित्रपट जोडण्याची विद्या तो कोणत्याही संस्थेत शिकला नाही. दोन व्हीसीआर शेजारी ठेवायचे. एकावर फीत चालवायची, दुसऱ्यावर हवा तेवढाच तुकडा उतरवून घ्यायचा, थांबायचे, पुढचा तुकडा शोधायचा. बोट क्षणभर उशिरा पडले, की नटाचे वाक्य अर्धे तुटे. शिवाय प्रत्येक उतरवणीत चित्र थोडे फिके होई, जशी नकलेची नक्कल काढताना अक्षरे पुसट व्हावीत तशी. या भांडवलावर २००० साली 'मालेगाव के शोले' निघाला. सुमारे ५०,००० रुपयांत. डाकूंना घोडे परवडेनात, म्हणून ते सायकलवरून आले. लोकांनी त्यावर उड्या टाकल्या. पुढे या मंडळींनी मालेगावचा सुपरमॅन काढला. त्यातला सुपरमॅन होता यंत्रमागावर काम करणारा शफीक शेख, अंगाने काटकुळा. या चित्रपटाच्या जुळवाजुळवीवर फैजा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला. तो २०१२ मध्ये आपल्याकडच्या चित्रपटगृहांत लागला, तेव्हा शफीक या जगात नव्हता. कर्करोगाने त्याला नेले होते. २०२५ मध्ये तर या साऱ्यावर मुंबईकरांनी मोठा हिंदी चित्रपटच काढला. सायकलवरच्या डाकूंची गोष्ट सांगायला आता खरे घोडे परवडणारे लोक आले!

मालेगावचे ऐकून मुलांच्या डोळ्यांत पाणी चमकले. सायकल तर प्रत्येकाकडे होती.

आता चित्रीकरणाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण पुढच्या चुकीचे बी तेथेच आहे.

गाण्याच्या चित्रात आवाज आधी आणि चित्र मागाहून, असा क्रम असतो. पूर्वी तसे नव्हते. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा' या पहिल्या मराठी बोलपटात दुर्गाबाई खोटे आणि गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर उभे राहून प्रत्यक्ष गात. त्या काळी वाजवणाऱ्यांना झाडाआड नाहीतर पडद्याआड दडवावे लागे. १९३५ मध्ये कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव' काढला आणि गाणे अगोदर ध्वनिमुद्रित करून त्यावर नटाने ओठ हलवायचे, ही पद्धत सुरू झाली. आजचे गल्लीतले गाणेसुद्धा त्याच पद्धतीने होते.

आम्हीही तसेच केले. आजींच्या ओसरीशेजारी पिठाची गिरणी. ती बंद असल्याखेरीज आवाज स्वच्छ येईना. एरवी ज्या भारनियमनाला आम्ही शिव्या देतो, त्याची मुले त्या दिवशी देवासारखी वाट पाहत बसली. वीज गेली, गिरणी थांबली, विहिरीवरचे पंप थांबले, आणि त्या शांततेत आजी गायल्या. एक मोबाइल स्टुलावर, दुसरा रुमालात गुंडाळून त्यांच्या मांडीजवळ. पाहुण्यांसारखी थर्माकोलची पांढरी पाटी घेऊन एक मुलगा दारात उभा. तीवरून उन्हाचा कवडसा आजींच्या तोंडावर. गाणे चौदा मिनिटे चालले. मध्ये खोकला आला, शेजारची शेळी ओरडली, नातसुनेने पाणी आणून दिले. शेवटी शेवटी आजी थकल्या, आवाज खाली आला आणि त्यांनी चालीतच एकेक नाव गुंफीत नेले. त्या नावांकडे त्या वेळी आमच्यापैकी कोणी लक्ष दिले नाही. मीही नाही.

दुसऱ्या दिवशी ते गाणे लहान भोंग्यावर लावून मुले म्हणाली, "आजी, आता नुस्तं तोंड हलवा." आजींना ते काही केल्या जमेना. भोंग्यात एक ओळ वाजे आणि आजी निराळीच म्हणत. तीनदा झाले, चारदा झाले. मुले कंटाळली. शेवटी आजीच रागावल्या.

"गानं काय पाठ करेल ऱ्हास का रे? ते तोंडमा येस!"

हे वाक्य मी त्या दिवशी गंमत म्हणून घरी सांगितले. त्याचा अर्थ कळायला मला सहा महिने लागले. छापील गाणे रोज तेच असते. आजींचे गाणे रोज नवे होते. कोण समोर बसले आहे, घरात कोणाचे लग्न ठरले, कोणाला मूल झाले, तसे ते बदले. त्याचा पुन्हा तस्साच प्रयोग होणार नव्हता. जी चौदा मिनिटे भारनियमनाने दिली, तेवढीच होती.

मुलांनी युक्ती काढली. आजींचे तोंड न घेता त्यांचे हात घेतले, जाते घेतले, पाठमोरी मान घेतली, आणि ओठ हलवायला आठवीतल्या दोन मुली उभ्या केल्या. हातगाडीवर एकाला बसवून ती गल्लीतून सावकाश ढकलली. चित्र असे सरकले, की जणू रुळांवरच चालले आहे. कानबाईच्या विसर्जनाची मिरवणूक सायकलवरून टिपली. सारा खर्च आठशे चाळीस रुपये. त्यातले निम्मे पोह्यांचे आणि चहाचे.

मग आले जोडकाम. ज्या मुलाला हे काम येत होते, त्याच्या हाती मोबाइल रात्री नऊनंतरच पडे. खाटेवर पालथा पडून, अंगठ्याने, तो तुकडे कापी आणि जोडी. चौदा मिनिटांचे गाणे तीन मिनिटांत बसवायचे होते. पडद्यावर याहून लांब गाणे कोणी पाहत नाही, असे त्याचे मत, आणि ते खोटे नव्हे. आज आमच्या अहिराणीला यूट्यूबने जे दिवस दाखवले, ते अशाच तीन-चार मिनिटांच्या गाण्यांनी. 'केसावर फुगे' या गाण्यावर खानदेशाबाहेरच्या वराती नाचल्या. ज्या भाषेत बोलल्याबद्दल आम्ही लहानपणी वर्गात छडी खाल्ली, तिच्यावर नाचल्या. ग्रियर्सनसाहेबांनी १९०७ साली आपल्या भाषांच्या पाहणीत खानदेशीला भिल्ल बोलींच्या शेजारी बसवले आणि विद्वानांचे वाद पुढे चालू राहिले. पण या गल्लीतल्या पोरांनी वाद न घालता तिला कोट्यवधी कानांपर्यंत नेले. याचा मला अभिमानच आहे.

तेव्हा संकलकाने कात्री चालवली. खोकला गेला, शेळी गेली, पाण्याचा तांब्या गेला. श्वास गेले. ठेका मंद वाटला म्हणून खाली ढोल घातला. शेवटची नावे तालात बसत नव्हती, म्हणून ती सगळी गेली. मी पाहिले आणि म्हणालो, "छान! आटोपशीर झाले." हे शब्द माझेच आहेत, ते मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

स्नेहसंमेलनात गाणे लागले तेव्हा टाळ्यांनी मंडप दणाणला. आजींना पहिल्या रांगेत बसवले होते. गाणे संपल्यावर त्या मला म्हणाल्या, "मास्तर, बाकीनं कव्हय?" म्हणजे, उरलेले केव्हा? मला वाटले, म्हातारीला हौस वाटली.

माघात आजी गेल्या. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांची अमळनेरकडे दिलेली मुलगी शाळेत आली. ती पन्नाशीच्या पुढची. पदर सावरून दारातच उभी राहिली.

"मास्तर, शेवटे माय आमनं नाव ल्ये. माले तेवढंच आयकनं शे."

त्या घराची रीत अशी, की कानबाईच्या गाण्याच्या शेवटी त्या घरात आलेल्या आणि त्या घरातून गेलेल्या बायकांची नावे गुंफायची. आजीसासू, सासू, जावा, मुली. कागदावर ती नावे कोठेही नव्हती. सातबाऱ्यावर तर नव्हतीच. त्यांची नोंद तेवढ्या दोन मिनिटांत होती, आणि तीच आम्ही तालात बसत नाही म्हणून काढली होती.

मी संकलकाला बोलावले. त्याचे तोंड पाहूनच मला उत्तर कळले. मोबाइलमध्ये जागा नव्हती. गाणे तयार झाल्यावर मूळची चौदा मिनिटे त्याने पुसून टाकली होती. रुमालातल्या मोबाइलवरचीही. मी त्याला रागावलो नाही. ती सांभाळून ठेव, असे मी त्याला सांगितलेच कोठे होते?

पुसलेले परत काढून देणारे कारागीर जळगावात आहेत असे कळले, म्हणून पुढच्या रविवारी तो मुलगा आणि मी निघालो. धुळ्याहून अमळनेरपर्यंत एस.टी. आणि तेथून रेल्वे. त्या प्रवासात मुलगा खिडकीतून पाहत राहिला, आणि माझ्यापुढे वाटेवरच्या गावांतली माणसे एकामागून एक येत राहिली.

धुळे मागे टाकताना आठवले ते इतिहासाचार्य राजवाडे. १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' त्यांनी खंडामागून खंड अशी बावीस खंडांत बाहेर काढली. त्यासाठी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरची कुजत पडलेली दप्तरे गोळा केली. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यातच वारले आणि पुढच्याच वर्षी तेथे त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. ज्या कागदाला घरधनी रद्दी समजे, तो राजवाड्यांनी उचलला. आज कोणता कागद क्षुल्लक आणि उद्या कोणता मोलाचा, हे आज ठरवता येत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते.

धुळ्याचा तुरुंगही आठवला. १९३२ साली २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबा तेथे गीतेवर बोलले आणि साने गुरुजींनी ते उतरून घेतले. यंत्र नाही, फीत नाही. एक मनुष्य बोलतो आहे आणि दुसरा झरझर लिहितो आहे. त्या अठरा रविवारी गुरुजींचा हात दुखला असता, तर 'गीता प्रवचने' हे पुस्तक आपल्या हाती कदाचित पडले नसते.

अमळनेर आले. याच गावच्या प्रताप हायस्कुलात गुरुजी १९२४ पासून सहा वर्षे मास्तर होते, आणि छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढीत होते. विद्यार्थ्यांसाठी, बिनपैशात आणि रोज! आमच्या आठशे चाळीस रुपयांची मला लाज वाटली.

गाडी धरणगाव सोडून जळगावात शिरली. जळगाव म्हणजे बहिणाबाई. शेजारच्या असोद्याला १८८० मध्ये जन्मलेली, अक्षरओळख नसलेली ही शेतकरीण जात्यावर आणि शेतात गात राहिली. तिचा मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्याने आणि एका आतेमावसभावाने मिळून त्यातले थोडे कागदावर टिपून ठेवले. १९५१ च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, मग ती वही आचार्य अत्र्यांपुढे गेली, आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. आज आमच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. पण वहीत आले तेवढेच वाचले. जे कोणी टिपले नाही, ते तिच्याबरोबर गेले.

जळगावच्या कारागिराने दोन्ही मोबाइल तीन तास तपासले आणि मान हलवली. त्या जागेवर पुढे दुसरे काही ना काही साठवले गेले होते. खालचे परत येणार नव्हते. त्याने पैसेही घेतले नाहीत.

परतीच्या गाडीत मुलगा रडू लागला. त्याला काय सांगावे? मी त्याला मेजर गिल यांची गोष्ट सांगितली. जळगावच्या पुढे भुसावळला त्यांची कबर आहे. १८४४ पासून हा साहेब अजिंठ्याला राहून लेण्यांतल्या चित्रांच्या मोठ्या नकला रंगवीत होता. वर्षांची मेहनत विलायतेला गेली, आणि १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागून त्यातली बहुतेक जळाली. मग १८७२ ते १८८५ पर्यंत ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. विद्यार्थीच ते, तुझ्यापेक्षा थोडे मोठे. १८८५ मध्ये त्यांतल्याही पुष्कळ आगीत सापडल्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चाही आज थोडाच भाग पाहायला मिळतो. चित्रपट जपून ठेवण्यासाठी पुण्यात राष्ट्रीय संग्रहालय निघाले ते १९६४ मध्ये; तोवर पुष्कळ काही गेले होते. मोठ्यामोठ्यांचेही जाते, बाबा.

"पण सर, त्यांचं आगीत गेलं," तो म्हणाला. "आपण पुसलं."

मुलगा बरोबर बोलत होता, आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते.

घरी आल्यावर एक शब्द माझ्या मनात घोळू लागला. बोलपटाच्या श्रेयनामावलीत आपण 'संकलन' असा शब्द लिहितो. इंग्रजी पद्धतीने विचार केला तर ते काम कापण्याचे. पण मराठीने त्याला जे नाव दिले, त्याचा अर्थ गोळा करणे असा आहे. राजवाड्यांनी दप्तरांचे केले ते संकलन. पुण्याकडच्या गी पॉइतवॅ आणि हेमा राइरकर यांनी खेडोपाडीच्या बायकांपाशी बसून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमवल्या, गाणारीच्या नावागावासकट जमवल्या, तेही संकलन. कापू नये असे नाही. तीन मिनिटांचे गाणे करायचे तर कात्री लागणारच. फाळक्यांनी लावली, नासिर शेखनेही लावली. पण कापलेला तुकडा फेकायचा की कपाटात ठेवायचा, येथे मास्तराची खरी परीक्षा असते. गरिबी आमच्या कॅमेऱ्यात नव्हती. ती माझ्या विचारात होती.

यंदाच्या श्रावणात कानबाई बसली, तेव्हा त्या चार मुलांना घेऊन मी आजींच्या घरी गेलो. अमळनेरची मुलगी आली होती, जावा होत्या, नातसुना होत्या. मुलांनी मोबाइल लावले नाहीत. आधी शंभर पानी वही काढली. कोणाला कोणते नाव आठवते, ते एकेक विचारले. बायका हसल्या, भांडल्या, एकमेकींना दुरुस्त करू लागल्या. आजींच्या सासूचे नाव निघाले, तिच्या सासूचे निघाले. त्यापलीकडच्या एका बाईचे माहेरचे गाव सर्वांना आठवले, पण नाव कोणालाच आठवले नाही. संकलक मुलाने त्या ओळीत गावाचे नाव लिहिले आणि पुढची जागा कोरी ठेवली.

मग अमळनेरच्या मुलीने गाणे धरले. आईइतका आवाज नव्हता, चालही थोडी निराळी होती. शेवटी नावे आली, तेव्हा तिने आईचे नाव सर्वांत मागून घेतले.

वीस मिनिटांचे ते गाणे, खोकल्यासकट आणि गिरणीच्या आवाजासकट, आता शाळेच्या कपाटात आहे. एक प्रत मुलाच्या घरी, एक त्या घरी, एक माझ्याकडे. कपाटावर मुलांनी चिठ्ठी चिकटवली आहे : 'पुसू नये.' खाली चौघांच्या सह्या आहेत. पाचवी माझी आहे.